इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल: गाडीतल्या लेव्हल घरच्या घरी कशा बघायच्या

घोडबंदर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्यांनी नुसते किलोमीटर बघून सर्व्हिस ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कासारवडवलीहून निघून माजिवड्याला पोचेपर्यंत मीटरवर पडतात मोजके किलोमीटर, आणि इंजिन मात्र पाऊण तास, मेट्रोच्या कामामुळे कुठे रस्ता वळवला असेल तर तासभर चालूच, तेही एसी लावून आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. खाडीपलीकडे तुर्भे नाहीतर महापेला संध्याकाळी हीच तऱ्हा. सर्व्हिसच्या स्टिकरवर बहुतेक गाड्यांना '१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते' असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातलं शेवटचं लोक वाचतच नाहीत, आणि मॅन्युअलमध्ये तर सतत थांबत-चालत ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या गाडीसाठी याहून लवकरचं वेगळं वेळापत्रक बऱ्याचदा दिलेलं असतं, ते पान तर कोणी उघडलेलंच नसतं.

तर दोन सर्व्हिसच्या मधल्या काळात बॉनेट उघडून दहा मिनिटं बघायला काही मेकॅनिक असावं लागत नाही. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. लेव्हल बघणं वेगळं आणि भरणं वेगळं. आपल्याकडे 'चेक केलं' म्हणजे 'थोडं ओतलं' असं धरतात. अहो पण ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल हे काय पेट्रोल नाही रोज संपायला, ते कमी झालंय म्हणजे कुठेतरी गेलंय, गळालंय नाहीतर जळालंय, आणि कुठे गेलं हे कळायच्या आत तुम्ही वरून ओतून टाकलंत तर पुरावाच पुसला. म्हणून मोबाइलमध्ये एक नोट उघडा, तारीख, किलोमीटर आणि लेव्हल कुठे होती एवढंच लिहा, किंवा सरळ डिपस्टिकचा, म्हणजे इंजिनमधलं ऑइल मोजायच्या पट्टीचा, फोटो काढून ठेवा. एका दिवसाच्या लेव्हलवरून फार काही कळत नाही, चार महिन्यांत ती कशी सरकली यावरून सगळं कळतं.

सामान काय लागतं? जुन्या सुती बनियनचं फडकं (कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे डिपस्टिकला चिकटून आत जातात), टॉर्च, छोटं नरसाळं, बास. आणि गाडीचं मॅन्युअल. मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत असतं, ती पिशवी अजून फोडलेली नसेल तर आता फोडा.

गाडी कुठे आणि कधी बघायची

सपाट जागा पाहिजे. आपल्याकडे हीच मोठी अडचण, कारण बेसमेंटच्या रॅम्पवर, खारघरच्या डोंगराकडच्या सेक्टरांत नाहीतर येऊरच्या पायथ्याशी उतारावर गाडी लावलेली असते, आणि उतारावर ऑइल इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये एका बाजूला जमतं, डिपस्टिक खोटी लेव्हल दाखवते, कधी जास्त कधी कमी. स्टॅक पार्किंगवाल्यांनी वरच्या पाळण्यात असताना तर बघूच नका, गाडी खाली घ्या. पोडियमची फरशी साधारण सपाट असते, पण पाणी वाहून जायला तिलाही थोडा ढाळ दिलेला असतो, तेवढा चालतो. शंका असेल तर फोनमधलं लेव्हल दाखवणारं अॅप जमिनीवर ठेवून बघा. महत्त्वाचं म्हणजे दर वेळी त्याच जागी, तोंड त्याच दिशेला करून बघा, म्हणजे जागेमुळे थोडी चूक असली तरी दर वेळी सारखीच चूक होते आणि तुलना बरोबर राहते.

वेळेबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही गाड्यांप्रमाणे बरोबर आहेत. काही कंपन्या सांगतात इंजिन गरम करून बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग बघा. काही सांगतात सकाळी थंड असताना बघा. मॅन्युअलमध्ये काय म्हटलंय ते आधी, तिथे काही स्पष्ट नसेल तर मी म्हणेन सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी, चालू न करता. सगळं ऑइल खाली चेंबरमध्ये आलेलं असतं आणि हातही भाजत नाही.

आता यावरून पेट्रोल पंपाची गोष्ट. हायवेवर कुठेतरी तुम्ही पेट्रोल भरायला थांबता, एकजण फार अदबीनं बॉनेट उघडायला सांगतो, डिपस्टिक काढतो, पुसतो, परत घालतो, काढून दाखवतो, 'साहेब, ऑइल तर टेकलंय, गाडी घाटात नेऊ नका.' आणि हातात डबा तयार. त्यात दोन गोष्टी झालेल्या असतात. एक, तुम्ही आत्ता तीस सेकंदांपूर्वी इंजिन बंद केलंय, बरंचसं ऑइल अजून वर इंजिनच्या हेडमध्ये आणि ऑइलच्या वाटांमध्ये आहे, खाली उतरलेलंच नाही, त्यामुळे लेव्हल कमीच दिसणार. दोन, डिपस्टिक शेवटपर्यंत बसवलीच नाही, एखादा सेंटिमीटर वर ठेवली की झालं, ऑइल 'टेकलं'. सगळे पंपवाले तसे नसतात, काहींना खरंच असंच शिकवलेलं असतं. पण तुम्ही गाडीतून उतरा, डिपस्टिक स्वतः घाला, आणि घरी कालच बघितली असेल तर 'नको दादा, बघितलंय' म्हणून मोकळे व्हा.

इंजिन ऑइल

गाडी न्यूट्रलला (ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये), हँडब्रेक ओढलेला, किल्ली काढलेली. पुश बटनवाल्यांनी आणि हायब्रीडवाल्यांनी जरा जास्त लक्ष द्या, गाडी शांत उभी आहे म्हणजे बंद आहे असं नाही, इंजिन आपोआप चालू होऊ शकतं, म्हणून पूर्ण ऑफ करून चावी खिशात. रेडिएटरचा पंखासुद्धा गाडी बंद असताना अचानक फिरू शकतो, गरम इंजिनवर तर हमखास, तेव्हा ओढणी, लांब बाह्या, गळ्यातली आयकार्डची दोरी हे सगळं आवरून घ्या.

डिपस्टिकची मूठ साधारण पिवळी किंवा केशरी असते. बाहेर काढा. हे पहिलं काढणं वाया जाणारं, त्यावर नळीच्या भिंतीला लागलेलं ऑइल वर-खाली फासलेलं असतं, ते वाचू नका. फडक्यानं पूर्ण पुसा, परत घाला, मूठ टेकेपर्यंत दाबा, दोन सेकंद थांबा, आता सरळ बाहेर काढा आणि आडवी धरा, टोक वर करू नका नाहीतर ऑइल मुठीकडे वाहतं आणि लेव्हल चढते. आता उजेडात बघा. पट्टीवर दोन खुणा असतात, कुठे भोकं, कुठे खाचा, कुठे एल (लो) आणि एफ (फुल), कुठे मधला भाग जाळीदार केलेला. नवीन ऑइल इतकं पारदर्शक असतं की धार कुठे संपते तेच दिसत नाही, तेव्हा पट्टी तिरपी करून उजेडात फिरवा, ओल्या भागावर चकाकी येते आणि कोरडा भाग मंद दिसतो, जिथे ती चकाकी पट्टीच्या पूर्ण रुंदीत संपते ती लेव्हल. एका कडेनं वर गेलेला ओघळ धरायचा नाही. आता पट्टी उलटी करा, मागची बाजू बघा. दोन बाजूंना वेगळी लेव्हल दिसली तर कमी असलेली खरी माना, आणि मनात शंका असेल तर परत पुसून परत एकदा. यात लाजण्यासारखं काही नाही, गॅरेजवालेही दोनदा बघतात.

मिन आणि मॅक्सच्या मध्ये कुठेही असेल तर ठीक आहे, डिपस्टिक परत बसवा आणि घरी जा. मॅक्सला टेकलीच पाहिजे असं काही नाही. या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे बऱ्याच कारमध्ये साधारण एक लिटर, छोट्या इंजिनात त्याहून कमी. म्हणजे लेव्हल अर्ध्यावर असेल आणि तुम्ही उत्साहात एक लिटरचा अख्खा डबा रिकामा केलात की गेलात मॅक्सच्या बराच वर. आणि जास्त ऑइल हे 'जास्त चांगलं' अजिबात नाही. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनमधला मुख्य दांडा, तो फिरताना त्या वर आलेल्या ऑइलला फटके मारतो, त्यात हवा मिसळून फेस होतो, फेसाला पंप नीट दाबू शकत नाही म्हणजे लुब्रिकेशन उलट कमी होतं, शिवाय दाब वाढून सील गळायला लागतात आणि ऑइल इंटेकमध्ये जाऊन निळा धूर येतो. मिनच्या खाली गेलं असेल तरच भरा, दोनशे मिली ओता, पाच मिनिटं थांबा, परत बघा, परत थोडं. कंटाळवाणं आहे पण जास्त झालेलं काढणं याहून कंटाळवाणं.

कुठलं भरायचं? मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तो. ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० असे आकडे असतात, डब्ल्यू म्हणजे विंटर, पहिला आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचा आणि दुसरा गरम झाल्यावर किती जाड राहतं त्याचा. 'ठाण्यात कुठे थंडी पडते, घाला जाड ऑइल' असं सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. ऐकू नका. आताच्या इंजिनांच्या ऑइलच्या वाटा बारीक असतात, ती पातळ ऑइलसाठीच बनवलेली असतात, आणि थंडी नसली तरी रोज सकाळी स्टार्ट केल्यावर ऑइल वरपर्यंत पटकन पोचणं गरजेचं असतंच. अडीनडीला रस्त्यात त्याच ग्रेडचं दुसऱ्या कंपनीचं ऑइल टाकलं तर काही बिघडत नाही, मिनच्या खाली गाडी हाकण्यापेक्षा ते शंभरपट बरं. फक्त सील नीट बघून, बिल घेऊन, ओळखीच्या दुकानातून घ्या, कारण डुप्लिकेट ऑइल मार्केटमध्ये भरपूर.

रंगाबद्दल फार गैरसमज. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर काही दिवसांत काळं होतं, ते काजळी धरून ठेवतं म्हणून काळं होतं, त्याचं कामच ते. उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचं ऑइल बराच काळ स्वच्छ दिसतं कारण गॅसला काजळी फारशी नसते, म्हणून 'अजून नवंच आहे की' असं म्हणून बदलायचं पुढे ढकलतात, आणि ते चुकीचं आहे, ऑइल उष्णतेनं आतून थकतच असतं. तेव्हा रंगावर बदलायचं ठरवू नका, तारीख आणि किलोमीटरवर ठरवा. रंगात खरं घाबरायचं ते एकाच गोष्टीला, दूध जास्त झालेल्या कॉफीसारखा फिक्कट, घट्ट रंग. म्हणजे ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट मिसळलंय. नुसतं फिलर कॅपच्या (ऑइल भरायच्या झाकणाच्या) आतल्या बाजूला थोडासा पांढरट थर असेल, डिपस्टिकवर काही नसेल आणि गाडी रोज फक्त स्टेशनपर्यंतच जात असेल, तर ते बहुतेक पावसाळ्यातल्या दमटपणाचं साचलेलं पाणी, एकदा लांब चालवून आणा, जातं. पण डिपस्टिकवरच तसं दिसलं आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलचा) संशय, गाडी चालू करू नका, टो करून न्या.

आणखी एक उलटी भानगड. प्रदूषणाचं बीएस६ मानक आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांना डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यातली काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं, आणि गाडी सतत छोट्या छोट्या फेऱ्या मारत असेल तर ते जाळणं अर्धवट राहतं आणि काही गाड्यांत थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मग लेव्हल कमी न होता वाढते! लोक खूश होतात, 'आमची गाडी ऑइल खातच नाही.' अहो ऑइल पातळ होतंय. लेव्हल मॅक्सच्या वर गेली, डिपस्टिकला डिझेलचा वास येतोय, तर ऑइल बदला, आणि अधूनमधून गाडी एक्स्प्रेस वेवर नाहीतर नाशिक हायवेला मोकळी पळवा.

डॅशबोर्डवरचं ऑइलच्या किटलीचं लाल चित्र लेव्हलचं नसतं, दाबाचं असतं. ते चालत्या गाडीत पेटलं म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाहीये. 'पुढच्या सिग्नलला बघू' नाही, बाजूला घ्या आणि लगेच बंद करा.

पाणी तुंबलं त्या दिवशी

हे ठाण्यात राहून सांगायलाच पाहिजे. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की वंदना टॉकीजसमोर पाणी भरतं हे सगळ्यांना माहीत आहे, नवी मुंबईतही सबवे आणि सखल सेक्टर भरतात. गाडी पाण्यात उभी राहिली, पाणी बंपरच्या वर, दाराच्या निम्म्यापर्यंत आलं, तर पाणी ओसरल्यावर पहिली गोष्ट सेल्फ मारणं नाही. पहिली गोष्ट डिपस्टिक. इंजिनमध्ये एअर फिल्टरच्या वाटेनं पाणी गेलेलं असेल तर सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, आणि सेल्फच्या एका झटक्यात कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, याला हायड्रोलॉक म्हणतात आणि साध्या इन्शुरन्समध्ये तो खर्च बहुतेक वेळा बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन असावा लागतो. लेव्हल अचानक वर चढलेली, ऑइल पांढरट, किंवा डिपस्टिकच्या टोकाला पाण्याचे थेंब, यातलं काहीही दिसलं की बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि टोइंगला फोन. डिपस्टिक स्वच्छ दिसली तरी एअर फिल्टरचा डबा उघडून फिल्टर ओला आहे का बघितल्याशिवाय स्टार्ट करू नका.

कूलंट

गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. हे एकच वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल. आतलं कूलंट दाबाखाली असतं, दाबामुळे शंभर डिग्रीच्या वर जाऊनही ते उकळत नाही, झाकण उघडलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम उकळून तुमच्या तोंडावर येतं. बघायची ती बाजूची अर्धपारदर्शक प्लास्टिकची टाकी, थंड गाडीवर, झाकण न उघडता. मिन-मॅक्सच्या खुणा टाकीवरच असतात. टाकी पिवळी पडली असेल तर मागून टॉर्च धरा आणि गाडी हातानं थोडी हलवा, आतलं पाणी डुचमळतं तेव्हा लेव्हल कुठे आहे ते दिसतं, नाहीतर टाकीच्या भिंतीवर बसलेला डागच आपण लेव्हल समजतो.

रंग हिरवा, गुलाबी, निळा, केशरी काहीही असू शकतो आणि रंगावरून प्रकार ठरवू नका, दोन कंपन्यांचा गुलाबी वेगळा असू शकतो. वेगवेगळे प्रकार एकत्र झाले की त्यातले गंज रोखणारे घटक निकामी होतात, कधी गाळ धरतो. टाकायचं तर बाटलीवर काय आहे ते वाचा, रेडी टू यूज आहे की कॉन्सन्ट्रेट. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल वॉटर मिसळून, प्रमाण बाटलीवर असतं, साधारण निम्मं-निम्मं. नळाचं पाणी नको, क्षार बसतात. रस्त्यात अडकलात आणि दुसरं काहीच नाही तर बिसलरीची बाटली ओता, इंजिन वाचवा, पण नंतर सिस्टीम फ्लश करून घ्या, विसरू नका. आणि जमिनीवर सांडलं तर भरपूर पाण्यानं धुवून टाका, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात.

कूलंट दर महिन्याला थोडं थोडं कमी होत असेल तर भरत बसू नका. होज, वॉटर पंप, रेडिएटर, कुठेतरी आहे ते. होजच्या जॉइंटवर वाळलेला हिरवट-पांढरा डाग शोधा, तिथेच सापडतं बहुतेक.

ब्रेक ऑइल

हे सगळ्यात जास्त चुकीचं हाताळलं जाणारं. ड्रायव्हरच्या बाजूला फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळ) छोटी पांढरी टाकी. इथे लेव्हल कमी होण्याचं एक अगदी साधं कारण असतं. ब्रेक पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन तेवढा जास्त बाहेर राहतो, त्याच्या मागची जागा भरायला टाकीतलं ऑइल खाली जातं. म्हणजे मॅक्सपासून हळूहळू वर्षभरात मिनकडे सरकणं म्हणजे 'पॅड बघा' असा निरोप आहे. तुम्ही वरून भरलंत तर निरोप गेलाच, शिवाय नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबतात तेव्हा ते जास्तीचं ऑइल टाकीतून वर येऊन सांडतं आणि खालचा रंग खातं. खरंच खातं, रंगावर पडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

आठवड्याभरात एकदम खाली आलं, किंवा पेडल मऊ लागतंय, तर मात्र गळती. मग भरून चालवायचं नाही, चालवायचंच नाही.

झाकण कारण नसताना उघडू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडच्या जुलैच्या हवेत ओलावा किती ते सांगायला नको. डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल नवं असताना कमीत कमी २३० डिग्रीला उकळतं, पाणी शोषलेलं असलं की मानकाप्रमाणे ही मर्यादा १५५ वर येते. आता माळशेज किंवा कसारा उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवून आलात तर चाकाजवळचं ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो पण ब्रेक दाबला जात नाही, पेडल सरळ जमिनीला. म्हणून लेव्हल ठीक असली तरी दर दोन वर्षांनी ते बदलायचं, मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तसं. उघडलेली जुनी बाटली वापरू नका, आणि डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं असतं, ते ३-४ मध्ये मिसळायचं नाही.

बाकीचं पटापट

क्लच हायड्रॉलिक असेल तर बऱ्याच गाड्यांत तो ब्रेकच्याच टाकीतून ऑइल घेतो, वेगळी टाकी नसली तर घाबरू नका. पॉवर स्टिअरिंग आता बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक असतं, ऑइलच नसतं, जुन्या गाडीत टाकी असेल तर तिच्या झाकणावर कुठलं ऑइल ते लिहिलेलं असतं. गिअरबॉक्स, सीव्हीटी, ऑटोमॅटिक यांच्या नादाला घरी लागू नका, बहुतेकांना डिपस्टिक नसते, गाडी वर उचलून आणि ठराविक तापमानाला बघावं लागतं. खाली ठिबकतंय का एवढं बघा.

काही बीएस६ डिझेल गाड्यांना धूर स्वच्छ करायला अॅडब्लू म्हणजे डीईएफ लागतं, ३२.५ टक्के युरियाचं पाणी, निळं झाकण. ते चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं तर किल्ली फिरवू नका, आधी टाकी रिकामी. पंपावरच्या मुलाला दाखवून द्या कुठलं झाकण कशाचं.

वायपरचं पाणी. साधं स्वच्छ पाणी चालतं, आपल्याकडे गोठत तर नाही. भांड्याचा साबण टाकू नका, फेस येतो आणि काचेवर ओघळ राहतात. पावसाळ्यात पुढच्या कंटेनरनं चिखल उडवला की याची किंमत कळते, त्यामुळे जूनमध्ये टाकी भरा. मोटर घुंघुं करतेय पण पाणी येत नाही, तर टाकी बघा, आणि टाकी भरलेली असेल तर उंदरानं पाइप कुरतडलाय, बॉनेटच्या आतून पाइपवरून हात फिरवा, तुटलेलं टोक मिळेल. आणि हो, कूलंटच्या टाकीत वायपरचं पाणी ओतणारे महाभाग आहेत, तेव्हा झाकणावरचं चित्र बघून.

बॅटरी मेंटेनन्स फ्री नसेल तर झाकणं उघडून प्लेटा पाण्याखाली बुडालेल्या आहेत ना ते बघा, कमी असेल तर फक्त डिस्टिल वॉटर, अॅसिड नाही. जवळ सिगारेट-काडी नको, हायड्रोजन निघतो.

इलेक्ट्रिक कारवाल्यांनो, इंजिन ऑइल नाही म्हणून सुटलात असं नाही, ब्रेक ऑइल आणि वायपरचं पाणी तुम्हालाही आहे, बहुतेक कारना कूलंटही असतं. फक्त केशरी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, वायरींना हात लावू नका.

स्कूटर आणि बाइक

इथे लेव्हल बघणं कारपेक्षा जास्त गरजेचं, कारण ११० सीसीच्या स्कूटरमध्ये एक लिटरसुद्धा ऑइल मावत नाही, त्यातलं दोनशे मिली कमी झालं तर ते फार झालं. साइड स्टँडवर बघायचं नाही, मेन स्टँडवर, सपाट जागी. डिपस्टिक पेचाच्या झाकणालाच असते. पुसल्यावर नुसती टेकवून बघायची का पेच फिरवून पूर्ण आवळून, हे मॉडेलवर आहे, बऱ्याच गाड्यांत नुसती टेकवतात पण सगळ्यांत नाही, आणि यात चूक केली तर लेव्हल चक्क बरीच चुकीची वाटू शकते. मॅन्युअल बघा. ज्या बाइकला खाली काचेची खिडकी असते तिला मेन स्टँड नसेल तर एकानं हँडल धरून गाडी सरळ उभी करायची आणि दुसऱ्यानं खाली बसून बघायचं, एकट्यानं वाकून बघायला गेलात की गाडी थोडी तिरपी होतेच.

कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये टाकायचा मोह आवरा. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, कारच्या ऑइलमधल्या निसरडेपणा वाढवणाऱ्या घटकांनी तो घसरायला लागतो. बाइकच्या डब्यावर जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ पाहिजे, स्कूटरला साधारण एमबी चालतं कारण तिचा क्लच कोरडा असतो. स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ वेगळं गिअर ऑइल असतं, शंभर-सव्वाशे मिलीच्या आसपास, ते सर्व्हिसला बदललं का हे विचारून घ्या, विचारलं नाही तर विसरतात. डिस्क ब्रेक असेल तर हँडलवरच्या छोट्या डबीची खिडकी बघा, हँडल सरळ करून.

खाली डाग दिसला तर

पार्किंगमध्ये गाडीखाली डाग दिसला की रात्री एक जुना पेपर किंवा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि पुढचं चाक कुठे होतं ते पेननं लिहा, म्हणजे सकाळी डाग कुठल्या भागाखाली आहे ते कळतं. डावीकडे पुढे नुसतं स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर तो एसी आहे, जास्त पाणी पडलं म्हणून काळजी करू नका, उन्हाळ्यात तर डबकं होतं. काळपट-तपकिरी आणि बोटाला बुळबुळीत म्हणजे इंजिन ऑइल. लालसर आणि पातळ, गिअरबॉक्स किंवा स्टिअरिंग. रंगीत, पाण्यासारखं पण थोडं चिकट आणि गोडसर वासाचं, कूलंट. फिक्कट पिवळं आणि चाकाच्या आतल्या बाजूला, तर ब्रेक ऑइल, आणि मग ती गाडी हलवायची नाही, मेकॅनिकला घरी बोलवायचं.

ज्यांना घरीच ऑइल बदलायचा शौक आहे त्यांनी जुनं ऑइल गटारात ओतू नये. आपली गटारं नाल्यांना आणि नाले ठाणे खाडीला मिळतात, तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली झालं आणि २०२२ पासून ते रामसर साइटही आहे, ऐरोलीला हिवाळ्यात जाऊन पक्ष्यांचे फोटो काढायचे आणि घरी येऊन नाल्यात ऑइल सोडायचं हे काही बरोबर नाही. जुन्याच डब्यात परत भरा, झाकण घट्ट लावा आणि जवळच्या मोठ्या गॅरेजमध्ये द्या. वागळे इस्टेट, तुर्भे, कळंबोलीकडे अशा गॅरेजांत वापरलेल्या ऑइलचा ड्रम ठेवलेला असतो, तो रिसायकलवाले घेऊन जातात. आधी विचारा, त्यात कूलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळलेलं असेल तर ते घेत नाहीत, म्हणून प्रत्येकाचा डबा वेगळा ठेवा आणि वर मार्करनं लिहून ठेवा.